काळ्या दलदलीचा स्काउट मुलूख

आपल्याकडे स्काउटच्या जिल्ह्याला नाव काय द्यावं, हा प्रश्न कधी पडत नाही. सरकारी जिल्हा तोच स्काउटचा जिल्हा. सातारा म्हणजे सातारा, बुलढाणा म्हणजे बुलढाणा. भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेत राज्य, त्याखाली जिल्हा, त्याखाली स्थानिक संस्था अशी उतरंड आहे. रेल्वेसारखे काही अपवाद राज्यासारखे वेगळे धरले जातात. बाकी बहुतेक सगळं महसुली नकाशाबरहुकूम. शाळेत खाकी गणवेश आणि गळ्यात स्कार्फ घालून मेळाव्याला गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं.

अमेरिकेतली रीत निराळी आहे. शिकागोचे प्रकाशक विल्यम बॉईस यांनी ८ फेब्रुवारी १९१० रोजी तिथली संघटना नोंदवली. 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' हे तिचं नाव २०२५च्या ८ फेब्रुवारीला बदलून 'स्काउटिंग अमेरिका' झालं. या संघटनेचा पाया म्हणजे गावोगावच्या कौन्सिल. राष्ट्रीय संघटना एखाद्या भागातल्या नागरिकांना सनद देते, ते आपली कौन्सिल चालवतात, निधी गोळा करतात, शिबिराची जमीन सांभाळतात. कौन्सिलच्या पोटात डिस्ट्रिक्ट, डिस्ट्रिक्टच्या पोटात चर्च, शाळा किंवा एखाद्या क्लबच्या आश्रयानं चालणारी पथकं. कौन्सिलची हद्द काउंटीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी जिल्ह्याच्या, कधीकधी राज्याच्याही सीमा ओलांडून जाते. म्हणून तिला स्वतःचं नाव लागतं, आणि ते नाव प्रत्येक मुलाच्या गणवेशाच्या डाव्या बाहीवर, खांद्यालगत, भरतकामाच्या पट्टीवर येतं. जांबोरीत, म्हणजे स्काउटांच्या मोठ्या मेळाव्यात, मुलं या पट्ट्यांची अदलाबदल करतात. दुसऱ्या मुलखातल्या मुलाशी ओळख होते ती बहुधा ही पट्टी वाचून.

नावं ठेवताना लोकांनी नाना वाटा चोखाळल्या. कुणी डोंगराचं घेतलं, कुणी सेनापतीचं, कुणी मूळनिवासी जमातीचं. ओहायो राज्याच्या वायव्य भागात एक 'पुट-हान-सेन एरिया कौन्सिल' होती. ऐकताना एखाद्या आदिवासी सरदाराचं नाव वाटावं असं हे नाव प्रत्यक्षात पटनम, हँकॉक आणि सेनेका या तीन काउंट्यांच्या आद्याक्षरांची जोडणी आहे. शेजारीच लायमा शहराच्या आसपास 'शॉनी' या जमातीच्या नावाची कौन्सिल होती. पुढे कौन्सिल एकमेकींत विलीन होऊ लागल्या, आणि पुट-हान-सेनचा मुलूखही एका मोठ्या कौन्सिलमध्ये गेला. तिचं कार्यालय फिंडले शहरात आहे आणि नाव आहे 'ब्लॅक स्वॉम्प एरिया कौन्सिल'. काळ्या दलदलीचा मुलूख.

आता गंमत अशी, की फिंडलेच्या आसपास कुठंही गाडी थांबवून पाहिलं तरी दलदल दिसत नाही. दिसतात ती मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेतं, सरळ रेषेतले रस्ते आणि रस्त्याकडेनं जाणारे खोल चर. या प्रकरणात जे सांगायचं आहे ते हेच: मुलांच्या बाहीवरचं हे नाव ज्या गोष्टीचं आहे, ती त्यांच्या पणजोबांच्या पिढीनं हट्टानं, पद्धतशीरपणे नाहीशी केली. आणि तसं करताना कितीतरी गोष्टी घडल्या, ज्यांच्या खुणा आजूबाजूच्या इतर नावांमध्येही शिल्लक आहेत.

सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ओसरत होतं. उत्तरेकडे मागं सरणाऱ्या हिमनदीच्या कडेला वितळलेल्या पाण्याचा एक प्रचंड जलाशय साचला. भूवैज्ञानिक त्याला लेक मॉमी म्हणतात. आजच्या ईरी सरोवराचा तो पूर्वज. बर्फ आणखी मागं हटला, पाण्याला वाट मिळाली, सरोवर आक्रसलं आणि त्याच्या नैर्ऋत्येकडचा तळ उघडा पडला. हा तळ परातीसारखा सपाट, आणि वर बारीक चिकणमातीचा थर. पावसाचं पाणी खाली मुरेना आणि उतार नावालाच असल्यानं पुढंही सरकेना. मॉमी आणि पोर्टेज या नद्यांच्या खोऱ्यांत मिळून सुमारे १०० मैल लांब आणि काही ठिकाणी २५ मैलांपर्यंत रुंद असा चिखलाचा पट्टा तयार झाला. त्याचं क्षेत्रफळ सुमारे १,५०० चौरस मैल, म्हणजे ३,९०० चौरस किलोमीटरच्या घरात धरतात. आपला अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे. तो यात मावून वर थोडी जागा उरली असती.

दलदल म्हटल्यावर डोळ्यांपुढं उघडं पाणी आणि बोरू येतात. ही तशी नव्हती. हे पाण्यात उभं असलेलं जंगल होतं. सखल भागात अ‍ॅश, एल्म, कॉटनवूड आणि सिकॅमोर, थोड्या चढावर बीच आणि मेपल, आणि जुन्या सरोवराच्या किनाऱ्यांच्या जे वाळूचे अरुंद वरंबे उरले होते त्यांच्यावर ओक आणि हिकरी. झाडं एवढी उंच आणि दाट, की उन्हाळ्यात भर दुपारी खाली अंधार. पानं कुजून झालेली मातीही काळी. काळेपणा असा वरूनही होता आणि खालूनही. आर्चबोल्ड गावाजवळ गोल वुड्स नावाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. १८३०च्या दशकात फ्रान्सहून आलेल्या गोल कुटुंबानं आपल्या जमिनीतला तो भाग तोडला नाही, पुढं सरकारनं तो राखीव केला. तिथले काही बर ओक चारशे वर्षांहून जुने आहेत. मूळ जंगल कसं असेल याचा अंदाज बांधायला आज अशा मोजक्याच जागा उरल्या आहेत, आणि पावसाळी दिवसांत तिथले डास त्या अंदाजात भर घालतात.

मूळनिवासींना ही भूमी शत्रू वाटत नव्हती. ओडावा, शॉनी, वायंडॉट, मायामी या लोकांची गावं मॉमी आणि ऑग्लेझ नद्यांच्या उंच काठांवर होती. काठानं मैलोन्‌मैल मक्याची शेतं होती, आणि मागचं पाणथळ जंगल शिकारीचं. वाळूच्या वरंब्यांवरून त्यांच्या पायवाटा जात. १७९४च्या उन्हाळ्यात जनरल अँथनी वेन सैन्य घेऊन आला, ऑग्लेझ आणि मॉमीच्या संगमावर त्यानं फोर्ट डिफायन्स बांधला, २० ऑगस्टला फॉलन टिंबर्सच्या लढाईत जमातींच्या संयुक्त फौजेला हरवलं आणि मक्याची शेतं जाळून टाकली. पुढच्याच वर्षी ग्रीनव्हिलचा तह झाला. संगमावरच्या शहराचं नाव आजही डिफायन्स आहे. ललकारी देणाऱ्या किल्ल्याचं नाव घेऊन बसलेलं हे शांत गाव आता ब्लॅक स्वॉम्प कौन्सिलच्या शिबिरासाठी मुलांना माहीत असतं.

दलदलीची खरी बदनामी झाली १८१२ साली. ब्रिटनशी युद्ध पेटायच्या बेतात होतं. जनरल विल्यम हल सुमारे दोन हजार सैनिक घेऊन ओहायोतल्या अर्बानाहून डेट्रॉइटकडे निघाला. रस्ता नव्हताच, झाडं तोडत तो पाडायचा होता. जून महिना आणि सततचा पाऊस. बैलगाड्या आसापर्यंत रुतल्या, माणसं ओल्या कपड्यांनी ओल्या जमिनीवर झोपली, डासांनी जीव नकोसा केला. आजच्या हँकॉक काउंटीत एका ठिकाणी सैन्याला पुढं जाताच येईना. नाइलाजानं तिथं थांबून त्यांनी लाकडी गढी उभारली आणि तिचं नाव ठेवलं फोर्ट नेसेसिटी. नाइलाजाची गढी. किल्ल्यांच्या नावांत एवढा प्रांजळपणा क्वचितच सापडेल. तिथून थोडं उत्तरेला, ब्लँचर्ड नदीच्या काठी, कर्नल जेम्स फिंडले याच्या तुकडीनं दुसरी गढी बांधली. तिचं झालं फोर्ट फिंडले, आणि तिथं वसलेलं गाव म्हणजेच कौन्सिलचं मुख्यालय असलेलं शहर.

हल डेट्रॉइटला पोहोचला खरा, पण १६ ऑगस्टला त्यानं फारसा प्रतिकार न करता ते ठाणं ब्रिटिशांच्या हवाली केलं. त्याच्यावर लष्करी खटला चालला, मृत्युदंड झाला, आणि जुन्या सेवेकडे बघून राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी तो माफ केला. शरणागतीचं खापर एकट्या दलदलीवर फोडता येणार नाही. पण दक्षिणेकडून डेट्रॉइटला रसद पोहोचवणं म्हणजे काय, हे त्या युद्धात अमेरिकेला कळलं, आणि या मुलखाचं नाव सरकार-दरबारी संकट म्हणून नोंदलं गेलं.

इथल्या काउंट्यांच्या नावांचाही एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १८२०मध्ये राज्य सरकारनं या ओसाड कोपऱ्यावर रेघोट्या मारून काउंट्या आखल्या. तिथं वस्ती इतकी तुरळक, की गावावरून नाव द्यायला गावच नाही. मग नावं आली क्रांतियुद्धातल्या माणसांची. १७८०मध्ये न्यूयॉर्कजवळ जॉन पॉल्डिंग, आयझॅक व्हॅन वॉर्ट आणि डेव्हिड विल्यम्स या तिघा साध्या शिलेदारांनी ब्रिटिश हेर मेजर जॉन आंद्रे याला पकडलं होतं आणि अमेरिकी सेनापती बेनेडिक्ट अर्नोल्डची फितुरी त्यामुळं उघड झाली होती. ओहायोच्या या कोपऱ्यात पॉल्डिंग, व्हॅन वर्ट आणि विल्यम्स या तीन काउंट्या जवळजवळ आहेत त्या या तिघांच्या स्मरणार्थ. व्हॅन वॉर्टचं स्पेलिंग नकाशावर येता येता बदललं, ते तसंच राहिलं. या तिघांपैकी कुणाचंही या चिखलाशी काही नातं नव्हतं.

चिखलाशी नातं होतं ते वाटसरूंचं. पेरिसबर्गपासून लोअर सँडस्की, म्हणजे आजच्या फ्रीमाँटपर्यंत ३१ मैलांचा एक रस्ता १८२०च्या दशकात काढला गेला. मॉमी अँड वेस्टर्न रिझर्व्ह रोड. कागदावर हा हमरस्ता होता, आणि पूर्वेकडून जमिनीवरून मिशिगनला जाणाऱ्या कुटुंबांना दुसरा फारसा पर्याय नव्हता. दोन्ही बाजूंना चर खणून मधोमध माती टाकलेली. पहिल्या पावसात ती माती लापशी झाली. गाड्यांची चाकं तुंब्यापर्यंत बुडायची. दिवसभर बैलांना मारून-मुटकून मैलभर पुढं सरकावं आणि मागं वळून पाहावं तर काल रात्री जिथं मुक्काम केला त्या सराईचा धूर अजून दिसतो आहे, अशी स्थिती. ३१ मैलांत ३१ सराया उभ्या राहिल्या. मैलाला एक. ही संख्या या रस्त्याविषयीच्या प्रत्येक हकिगतीत येते.

त्या सरायांवर काय चालत असेल याची कल्पना करून बघण्यासारखी आहे. दारासमोर भलामोठा खड्डा, त्यात रुतलेली गाडी, गाडीत बायका-मुलं आणि सगळा संसार. सराईचा मालक बैलांच्या दोन जोड्या आणि साखळ्या घेऊन येतो, पैसे ठरतात, गाडी निघते, पण दिवस मावळलेला असल्यानं मुक्काम त्याच्याकडेच पडतो. खड्डा हाच धंदा. कोणता खड्डा कोणाचा हे ठरलेलं असे आणि एखादा मालक जागा सोडून जाताना आपल्या खड्ड्याचा हक्क दुसऱ्याला विकत असे, असे किस्से जुन्या स्थानिक इतिहासांत आवर्जून नोंदलेले आहेत. खरेखोटे काही असोत, रस्ता १८४०च्या आसपास खडीचा झाला तेव्हा तिथल्या सगळ्यांनाच आनंद झाला असेल असं वाटत नाही. आज हाच मार्ग अमेरिकेचा महामार्ग क्रमांक २० आहे. गाडीनं तो अर्ध्या-पाऊण तासात संपतो.

चिखलापेक्षा वाईट होता ताप. दर उन्हाळ्याच्या अखेरीस घरोघरी माणसं हुडहुडी भरून अंथरुणाला खिळत. एक दिवस थंडी वाजून ताप, एक दिवस बरं, पुन्हा थंडी. हा हिवतापच होता, पण तो डासांमुळं येतो हे कुणाला माहीत नव्हतं. कुजणाऱ्या पानांतून निघणाऱ्या दूषित हवेला सगळे दोष देत. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना दिसले ते १८९७मध्ये, आपल्या सिकंदराबादला, आणि तोवर ओहायोतली ही दलदल जवळपास संपत आली होती. चुकीच्या कारणासाठी का होईना, लोकांनी उपाय बरोबर केला: पाणी काढून टाकलं.

तोवर आधार होता क्विनीनचा. ते ज्यातून निघतं ती सिंकोनाची साल दक्षिण अमेरिकेतून येई, आणि तिचा व्यापार पेरूची राजधानी लिमा हिच्या नावाशी जोडलेला होता. १८३१मध्ये दलदलीच्या दक्षिण कडेला अ‍ॅलन काउंटीचं ठाणं म्हणून नवं गाव आखलं गेलं. त्याचं नाव ठेवलं लिमा, ज्या शहरातून औषध येतं त्याच्यावरून. स्थानिक इतिहासात हीच हकिगत सांगितली जाते. उच्चार मात्र पुढं 'लायमा' असा झाला. शॉनी नावाची जुनी स्काउट कौन्सिल होती ती याच लायमात. तेव्हा ब्लॅक स्वॉम्प कौन्सिलच्या हद्दीत एक नाव रोगाच्या जागेचं आहे आणि एक औषधाच्या जागेचं. दोन्ही पट्टीवर आणि पत्त्यावर शेजारी-शेजारी येतात.

आणि शॉनी? १८३१च्या तहानं वापाकोनेटाजवळची आणि लायमाजवळची त्यांची उरलीसुरली जमीन गेली. लायमा गाव आखलं गेलं तेच वर्ष. त्यानंतर लवकरच त्यांना मिसिसिपीपलीकडे, कॅन्ससच्या दिशेनं पाठवण्यात आलं. मॉमीकाठच्या ओडावांनाही त्याच दशकात जावं लागलं. अपर सँडस्कीचे वायंडॉट सगळ्यांत शेवटी, १८४३मध्ये गेले. माणसं गेली आणि शे-सव्वाशे वर्षांच्या आत त्यांचं नाव गोऱ्या मुलांच्या बाहीवर सन्मानानं आलं. हे निव्वळ ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. अमेरिकी स्काउटिंगचा एक पाया अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन यांनी १९०२मध्ये काढलेल्या 'वुडक्राफ्ट इंडियन्स' या मुलांच्या संघटनेत आहे. रानात राहणं, माग काढणं, आग पेटवणं या विद्यांचे गुरू म्हणून सीटन मूळनिवासींकडे मनापासून पाहत. १९१५मध्ये डेलावेअर नदीतल्या एका बेटावरच्या शिबिरात 'ऑर्डर ऑफ द ॲरो' हा मानाचा गट निघाला, तोही लेनापे लोकांच्या कथा आणि शब्द घेऊन. आदर खरा होता. पण ज्यांचा आदर करायचा त्यांना विचारायची पद्धत नव्हती, आणि बारकाव्यांची फिकीरही नव्हती. डिफायन्सजवळच्या ब्लॅक स्वॉम्प कौन्सिलच्या शिबिराचं नाव कॅम्प लाकोटा आहे. लाकोटा हे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतले लोक, इथून हजार किलोमीटरहून दूरचे. ज्या जमिनीवर ओडावा आणि शॉनींचा मका जळाला, तिथल्या मुलांना रानाची ओळख लाकोटांच्या नावानं व्हावी, हे मला खटकतं. दलदलीचं नाव निदान त्या जमिनीचं स्वतःचं आहे.

ती दलदल गेली कशी, हा या कहाणीतला सगळ्यांत ताकदीचा भाग. आधी झाडं गेली. १८४०च्या दशकात कालवे आले, मागोमाग रेल्वे, आणि ओक-एल्मच्या लाकडाला गिऱ्हाईक मिळालं. पिंपांच्या फळ्या आणि कड्या, जहाजांचे वासे, रेल्वेचे स्लीपर. झाडं तुटली तरी पाणी होतंच. एकट्या शेतकऱ्यानं चर खणून उपयोग नव्हता. त्याचं पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाणार, शेजारी भांडणार. १८५९मध्ये ओहायोनं चरांचा कायदा केला. एखाद्या शेतकऱ्यानं अर्ज केला की काउंटीनं पाहणी करायची, नदीपर्यंत सलग चर काढायचा आणि ज्या-ज्या जमिनीला फायदा होईल तिच्यावर खर्चाची वाटणी बसवायची. चराला नको म्हणण्याचा हक्क यात फारसा राहिला नाही. पाण्यानं माणसांना एकमेकांशी असं बांधून टाकलं. उत्तर जर्मनीतून आलेल्या कित्येक कुटुंबांना सखल जमिनीची सवय होती, ती इथं कामी आली.

उघडे चर पुरेसे नव्हते. चिकणमातीत अडकलेलं पाणी काढायला जमिनीखाली नळ्या घालाव्या लागल्या. भाजलेल्या मातीचे हातभर लांबीचे पाइप, एकापुढं एक नुसते टेकवून ठेवायचे. सांध्यांना काही लावायचं नाही, कारण पाणी त्या फटींतूनच आत येतं. वरून माती लोटायची. जमिनीतलं पाणी नळीत, नळीतलं चरात, चरातलं नदीत. त्यासाठी नळीला सबंध लांबीत सारखा उतार हवा. एका जागी ती जरा खाली गेली की तिथं गाळ साचून रांग बंद. दोन-तीन फूट खोल चरात, घोट्याभर पाण्यात उभं राहून हातानं हा उतार साधायचा म्हणजे काय काम असेल! आणि या नळ्या बनवायच्या कशाच्या, तर त्याच चिकणमातीच्या. जी माती पाणी अडवत होती तीच भट्टीत भाजून पाणी बाहेर काढायला वापरली. गावोगाव नळ्यांच्या भट्ट्या निघाल्या.

शिरोळ किंवा मिरज भागात ज्यांची ऊसशेती पाण्यानं आणि क्षारानं पडीक झाली, त्यांना हे तंत्र परकं वाटणार नाही. तिथं हल्ली सच्छिद्र प्लॅस्टिक पाइप जमिनीखाली गाडून निचरा करतात, तत्त्व तेच.

१८९०च्या दशकाच्या सुरुवातीला बोलिंग ग्रीनच्या जेम्स हिल या कारागिरानं वाफेवर चालणारं चर खणायचं यंत्र बनवलं. एक मोठं चाक, त्याच्या घेरावर माती कापणारे डबे. चाक फिरत पुढं जाई तसा मागं हव्या त्या उताराचा चर तयार. हे बकाय ट्रॅक्शन डिचर पुढं फिंडले शहरात तयार होऊ लागलं. १९०२चं एक यंत्र तिथल्या हँकॉक संग्रहालयात आहे आणि अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेनं त्याला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला आहे. म्हणजे ज्या शहरात दलदलीच्या नावाची कौन्सिल बसते, तिथंच दलदल संपवणारं यंत्रही मानानं ठेवलेलं आहे.

पाण्याविषयीचा राग किती खोल होता हे पाहायचं तर १८८७कडे जावं. पॉल्डिंग काउंटीत वॉबॅश अँड ईरी कालव्याचा मोठा जलाशय होता. कालवा मोडकळीला आलेला, नावा बंद, पण जलाशय भरलेलाच. त्या पाण्यानं ताप येतो आणि हजारो एकर जमीन अडते, असं म्हणत गावकऱ्यांनी रात्री बांध फोडला आणि कालव्याचे दरवाजे डायनामाइटनं उडवले. राज्यपालांनी सैनिक धाडले. शेवटी मात्र सरकारनंच जलाशय सोडून दिला. स्थानिक इतिहासात याला जलाशयाचं युद्ध म्हणतात. पाऊणशे वर्षांपूर्वी सैन्य चिखलात रुतलं होतं, आता चिखल राखणाऱ्या पाण्यावर लोकांनीच हल्ला चढवला.

विसावं शतक उजाडलं तेव्हा काळी दलदल उरली नव्हती. उरली ती ओहायोतली अत्यंत सुपीक जमीन. ज्या नावाला वसाहतवाले नाकं मुरडत, जमिनीच्या जाहिरातीत जे नाव येऊ नये म्हणून जपत, ते हळूहळू जिव्हाळ्याचं झालं. बोलिंग ग्रीनमध्ये दर सप्टेंबरला ब्लॅक स्वॉम्प आर्ट्स फेस्टिव्हल भरतो. पेरिसबर्गला १९९३मध्ये जमिनी राखणारी ब्लॅक स्वॉम्प कॉन्झर्व्हन्सी स्थापन झाली. ताप गेला, खड्डे बुजले, मग नावाची भीती कशाला राहील? स्काउट कौन्सिलसाठी तर हे नाव अगदी चपखल होतं. दोन-तीन जुन्या संस्था एकत्र येतात तेव्हा कोणाचं नाव राहणार यावरून मनं दुखावतात. पुट-हान-सेन म्हटलं तर चौथी काउंटी बाहेर, शॉनी म्हटलं तर फिंडलेकर नाखूश. दलदलीनं मात्र काउंटीच्या रेघा कधी पाहिल्याच नव्हत्या. ती सगळ्यांच्या पायाखाली होती. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हाच हिशोब होता की नव्हता, ते असो. मला या नावाची ताकद यातच दिसते.

कहाणी इथंच थांबली असती, पण पाण्याची तक्रार शिल्लक होती. २ ऑगस्ट २०१४ रोजी ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरानं नागरिकांना सांगितलं की नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका, कारण उकळल्यानं विष आणखी दाट होतं. ईरी सरोवरात नील-हरित शेवाळाचा भडका उडाला होता आणि त्यातलं मायक्रोसिस्टिन हे विष पाणीपुरवठ्यात आलं होतं. चार ते पाच लाख माणसांचं पिण्याचं पाणी तीन दिवस बंद राहिलं. शेवाळाला खाद्य मिळालं ते फॉस्फरसचं, आणि त्यातला मोठा वाटा मॉमीच्या खोऱ्यातल्या शेतांतून, खतांतून, त्याच जमिनीखालच्या नळ्यांतून आला होता. दलदल असती तर पाणी तिच्यात रेंगाळलं असतं, गाळ खाली बसला असता, वनस्पतींनी फॉस्फरस शोषला असता. चर आणि नळ्या हे काम करत नाहीत. त्यांचं काम पाणी लवकरात लवकर पुढं ढकलण्याचं, आणि ते त्या चोख करतात.

२०१९मध्ये ओहायो सरकारनं एच-टू-ओहायो नावाची योजना काढली. तिच्यातून नद्यांच्या काठी लहान-लहान पाणथळ जागा पुन्हा तयार केल्या जाताहेत. सबंध दलदल परत आणायचं कुणाच्या मनात नाही, येणारही नाही. त्या जमिनीवर हजारो कुटुंबांचं पोट आहे. काही शेतकरी नळीच्या तोंडाशी फळ्यांचा लहानसा बंधारा बसवतात. पीक निघाल्यावर फळ्या टाकून पाणी जमिनीत अडवायचं, पेरणीच्या आधी काढून सोडायचं. पणजोबांनी घातलेल्या नळ्या राहतात, पण त्यांच्यावर आता झाकण आहे.

स्काउटिंग अमेरिकेच्या गुणपदकांत माती आणि जलसंधारणाचं एक पदक आहे. त्यासाठी मुलाला पाणलोट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. ब्लॅक स्वॉम्पच्या मुलाला उदाहरण शोधत लांब जावं लागत नाही. फिंडलेतून वाहणारी ब्लँचर्ड ऑग्लेझला मिळते. लायमाची ओटावा नदीही ऑग्लेझलाच मिळते. ऑग्लेझ डिफायन्सला मॉमीत शिरते आणि मॉमी टोलेडोपाशी ईरी सरोवरात. टोलेडोची मुलं स्काउटिंगच्या हिशोबानं शेजारच्या ईरी शोअर्स कौन्सिलमध्ये मोडतात, त्यांच्या बाहीवरची पट्टी निराळी आहे. पण फिंडलेच्या शेतात मे महिन्यात पडलेलं खत ऑगस्टमध्ये त्यांच्याच नळापर्यंत पोहोचतं.